इंजिन चालावं म्हणून

परवा मी एका इंजिनाला मृत ठरवलं आणि ते जिवंत निघालं.

इंजिन म्हणजे फार मोठं काही नाही. तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, हातभर लांबीचं. आमच्या शाळेच्या माळ्यावर चौदा वर्षं पडून होतं. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मुख्याध्यापकांना पाणीटंचाईवर काहीतरी मांडायचं होतं. त्यांच्या डोक्यात आलं, की या इंजिनामागं एक टाकी जोडली तर पाण्याची रेल्वे तयार होईल. "तुमच्याच हातचं आहे गुरुजी, तुम्हीच बघा," म्हणाले. मी घरी घेऊन आलो. दोन दिवस ओसरीवर त्याचं पोट फाडून बसलो. मोटर उघडली, काजळी पुसली, तारा बदलल्या, चाकांना शिलाई मशीनचं तेल पाजलं. इंजिन ढिम्म. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून मी डॉक्टरच्या सुरात जाहीर केलं, "मोटर आतून जळालीय. आता यात काही राहिलं नाही."

बायको, म्हणजे सुमन, बाजूला ज्वारी निवडत होती. सुपातली नजर वर न काढता म्हणाली, "ते दोन सेल भांडल्यासारखे तोंडाला तोंड लावून बसलेत. तसंच बसवायचं असतंय का?"

मी वीस वर्षं आठवीच्या पोरांना विजेचे घट कसे जोडायचे ते शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो, बाण दाखवतो, चुकलं की पोरांना बाकावर उभं करतो. मुकाट्यानं एक सेल उलटा केला. इंजिन घुर्र करून पाटावरून पुढं पळालं आणि धाडकन खाली पडलं. पडता पडता त्याच्या पोटातला भोंगा वाजला. चौदा वर्षांची धूळ घशात अडकलेला, घोगरा, रडवा आवाज.

सुमननं आता मात्र मान वर केली. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठल्या आवाजानंतर एकमेकांकडं बघायचं नसतं, ते माणसाला कळतं.

यंदाही उन्हाळा तसाच पडलाय. चैत्र लागायच्या आधीच कळंबच्या रस्त्यांवर टँकरच्या चाकांच्या ओल्या रेघा दिसायला लागल्या. रेघ वाळायला किती वेळ लागतो हे मी खिडकीतून मोजतो. पहिल्यांदा चहा पिऊन होईपर्यंत टिकायची, आता कप तोंडाला लावेस्तोवर जाते. मांजरा नदीच्या पात्रात पुन्हा बायका झिरे उकरून वाटीनं पाणी भरतायत. शाळा सकाळची झालीय. अकरा वाजता पोरं घरी जातात आणि शाळेच्या पत्र्यावर ऊन एकटंच तडतडत बसतं. दुष्काळाला एक वास असतो. तापलेल्या धुळीचा, रिकाम्या रांजणाच्या आतल्या शेवाळाचा, घाम वाळलेल्या कापडाचा. हा वास आला की मला आधी भूक लागल्यासारखं होतं आणि मग लाज वाटते. भूक का लागते ते सांगता येईल. लाजेचं सांगायलाच हा कागद घेऊन बसलोय.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो, त्याचा शेवटचा, म्हणजे सगळ्यात वाईट उन्हाळा. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, ज्या पहिल्या दिवशी कोंबडीनंही खाल्ल्या नव्हत्या आणि महिनाभरानं आम्ही पुरवून खात होतो. शाळेच्या व्हरांड्यात पोरांना वाटायच्या सुकडीचा गोडसर, पिठूळ वास. मास्तर लोकांना पगार होता म्हणून आम्ही सुखी. निम्मा तालुका खडी फोडत होता. सकाळी जी माणसं शेतकरी म्हणून घराबाहेर पडत, ती दुपारपर्यंत धुळीनं एकाच रंगाची होत. पाटील कोण, सालगडी कोण, लांबून ओळखू यायचं नाही. मला तेव्हा वाटायचं, निदान एवढं तरी दुष्काळानं बरं केलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात असली वाक्यं फार पटकन सुचतात.

त्याच दिवसांत आमच्या भागात एक सहकारी साखर कारखाना निघायचा होता. कारखाना नियोजित होता, जागा नियोजित होती, ऊस नियोजित होता; चेअरमन तेवढे झालेले होते. गोरे, उंच, खादीची इस्त्री न मोडणारे. एक दिवस ते आमच्या हस्तव्यवसायाच्या खोलीत आले. मी पत्र्याची खेळणी करतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"गुरुजी, लोकांना कागद दाखवला तर लोक कागदाकडं बघत्यात, मग आमच्याकडं बघत्यात, आन् उठून जात्यात," ते म्हणाले. "त्येंला चालतं कायतरी दाखवाया पायजे. कारखान्याचं मॉडेल करा. ऊस घेऊन रेल्वे आत चालली पायजे. आन् भोंगा वाजला पायजे, येडशीच्या गाडीसारखा."

एवढ्या मोठ्या माणसानं मला 'करा' म्हटलं. आमच्या घरातल्या माणसाला तोवर मोठ्या माणसांनी 'कर' म्हणायचीच रीत होती. वडील तर त्या हाकेला आयुष्यभर 'जी' म्हणत गेले. धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी मला शिकवलं, ते कुणापुढं वाकायला लागू नये म्हणून. आणि मी त्या एका 'करा'ला इतका वाकलो की पुढचे पंधरा दिवस सरळ झालो नाही.

मॉडेल मात्र झकास झालं. सहा फुटी फळीवर प्लॅस्टरचा उंचसखल माळ, खोक्यांचा कारखाना, आगपेटीच्या काड्यांचं कुंपण. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून त्याचा ऊस केला. त्या उन्हाळ्यात सगळ्या तालुक्यात हिरवं असं तेवढंच होतं. आणि उसातून कारखान्याकडं जाणारा रूळ. तो मी तहसीलमधल्या नकाशावरून जागेचा अंदाज घेऊन आखला होता, कारण ती नियोजित जागा माझ्या सासुरवाडीला लागून होती. रूळ माळावरून यायचा, एका ठिकाणी छान वळण घ्यायचा आणि मग कारखान्यात शिरायचा. वळण होतं ते विहिरीसाठी. सुमनच्या स्नोच्या डबीचं झाकण निळं रंगवून मी तिथं पालथं बसवलं होतं. तिच्या माहेरच्या वस्तीची विहीर.

सुमनला मुद्दाम शाळेत बोलावून दाखवलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. पदर सावरत म्हणाली, "पाणी लई वर दाखवलंय. एवढं कधी येत न्हाय." पण तिला आवडलं होतं. जाताना झाकणावर बोट टेकवून गेली, देवाला टेकवतात तसं म्हणणार होतो, पण आम्ही देवांचं सोडलंय.

या विहिरीचं सांगायला हवं. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांनी चढायचं नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणाला दया आली की वरून ओतणार. कधी सकाळी यायची, कधी दुपारी, कधी येतच नसे. छप्पन सालानंतर वस्तीनं ठरवलं, की आता कुणाच्या दयेवर पाणी प्यायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणायचो, आपल्या दीड एकरातला तुकडा दिला आणि वस्तीनं तीन उन्हाळे खणलं. पहार, टिकाव आणि टोपलं. सुमन तेव्हा लहान होती. तिच्या डोक्यावरही टोपलं होतं. तिच्या टाळूवर चुंबळीच्या जागी केस जरा विरळ आहेत. ती ते झाकत नाही. पाणी लागलं त्या दिवशी मामांनी पहिली घागर वर काढली आणि कुणालाही न देता स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली, असं सुमन सांगते. "मनाला यील तेवढं पानी," म्हणाले म्हणे. पण मॉडेलच्या त्या उन्हाळ्यात ती विहीरही आटली होती. तळाला नुसता चिखल, त्यात दोन बेडूक.

तर इंजिन. त्याची मोटर मी बिघडलेल्या बॅटरीवरच्या रेकॉर्ड प्लेअरमधून काढली होती आणि भोंगा म्हणजे सायकलचा हॉर्न होता. दोन सेल. सरळ रुळावर इंजिन पळायचं. उभं असताना भोंगा ठणठणीत वाजायचा. पण पळताना वळणावर आलं आणि भोंगा वाजवला, की भोंगा कण्हायचा आणि इंजिन जागच्या जागी थांबायचं. बरोबर विहिरीपाशी. जणू पाणी प्यायला थांबलंय.

मी काय काय केलं नाही! सेल काढून शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवले; गावाकडं रेडिओचे सेल असेच तापवून आणखी दोन दिवस ओढतात. पत्र्याच्या पट्ट्या काचकागदानं घासल्या. तारांचे सांधे पुन्हा पक्के केले. एक लहान बल्ब लावून बघितला: भोंगा वाजला की बल्ब लालसर होऊन विझायला यायचा. म्हणजे दुखणं कळलं. सेलांचा जोर एकाच वेळी दोघांना पुरत नव्हता. घरात भाकरी एक आणि ताटं दोन. सरळ रस्त्यावर इंजिन अर्ध्या भाकरीवर कसंबसं चालायचं, पण वळणावर चाकं रुळाला घासायची, तिथं अर्धी भागायची नाही.

चेअरमनसाहेबांना म्हटलं, वळणावर भोंगा नको वाजवायला, कारखान्यात गेल्यावर वाजवू.

"गाडी मुकी चालली तर काय मजा?" ते म्हणाले. "आन् थांबून नुसता भोंगा वाजला तर लोक म्हनतील, कारखाना बोलतोय लई, चालत काय न्हाय. दोन्ही संगट पायजे. उद्या सकाळी आठला जीप लावतो."

त्या दुपारी खोलीत मी एकटाच होतो. बाहेर वारा तापून शिट्ट्या घालत होता. कळंबच्या बाजारात नवे सेल मिळाले नव्हते. मी रुळाच्या वळणाकडं बघत बसलो. मग पक्कड घेतली, वळणाचे खिळे उपसले आणि रूळ सरळ ठोकला. झाकण मध्ये येत होतं. ते उचकटून खिशात टाकलं. तिथं प्लॅस्टरला गोल भोक पडलं होतं, त्यात हिरवा भुसा भरला. इंजिन सोडलं, भोंगा दाबला. दोन्ही एकदम. गाडी सुसाट, भोंगा खणखणीत. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. इतकं सोपं होतं ते. पाव तासाचं काम.

दुसऱ्या दिवसापासून जीप फिरायला लागली. लोक दुष्काळी कामावरच असायचे, म्हणून आम्ही कामावरच जायचो, जेवणाच्या सुट्टीत. चेअरमन बोलायचे, मी गाडी सोडायचो. पहिल्याच ठिकाणी भोंगा वाजला आणि खडी फोडणाऱ्या सगळ्या बाया घास अर्धा टाकून उठल्या, टोपली डोक्यावर घेतली. त्यांना वाटलं, मुकादमानं सुट्टी संपवली. "बसा बसा, ती कारखान्याची शिट्टी हाय," म्हणून त्यांना पुन्हा खाली बसवावं लागलं. एक म्हातारी बसता बसता म्हणाली, "कारखाना आल्यावर तरी भाकर खाऊन हूं द्याल का?" चेअरमन सगळ्यात मोठ्यानं हसले.

दुसऱ्या एका गावी एक हाडकी गाय मॉडेलपाशी आली आणि हिरवा भुसा चाटायला लागली. कुणीही तिला हाकललं नाही. मालकानंही नाही. जीभ हिरवी होईपर्यंत ती चाटत राहिली, मग नुसतीच उभी राहिली. जीपचा ड्रायव्हर रहीमभाई मला हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या कारखान्याचा पहिला सभासद बघा." मी हसलो. आता ती जीभ आठवते.

आणि मग सासुरवाडी.

माळावर माती उकरायचं काम चालू होतं. वस्तीतली सगळी माणसं तिथंच होती. जावई जीपमधून उतरला, चेअरमनच्या बरोबर, हे सगळ्यांनी बघितलं. मामा डोक्याचा पटका झटकून पुढं आले. त्यांची छाती जरा पुढं आली होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. गाडी सुटली, भोंगा वाजला, पोरं ओरडली. गर्दी पांगल्यावर मामा फळीपाशी उकिडवे बसले. बोटानं माळ ओळखायला लागले. हा ओढा, ही वस्ती, ही लिंबाची झाडं. बोट हिरव्या भुशावर येऊन थांबलं.

"जावईबापू, आपली हीर कुठं हाय?"

चेअरमन माझ्या खांद्यामागं उभे होते. मी म्हणू शकलो असतो, मामा, गाडी वळत नव्हती, म्हणून काढली. हे एक वाक्य. कारागिराची अडचण, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण जीप फिरली त्या सात गावांत मी 'इंजिनवाले गुरुजी' झालो होतो. माझं इंजिन अडतं, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "कारखाना आल्यावर विहीर कशाला लागतीय मामा? घरोघर नळ येणार."

हे वाक्य चेअरमनचंसुद्धा नव्हतं. त्यांनी नळाचं कधी काढलंच नव्हतं. ते माझं, जागच्या जागी सुचलेलं.

मामांनी भुशावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "असंल. तुमी शिकल्याली मानसं." आणि हात झटकून उठले.

परतताना रहीमभाईनं गाडी चालवता चालवता विचारलं, "गुरुजी, एक विचारू? सायबाला घिऊन शाळेत आलतो तवा तुमची रेल वळत होती. सरळ कामून केली?" मी सेलांचं दुखणं समजावून सांगितलं, मोठ्या विद्वानासारखं. तो म्हणाला, "मग हॉर्नला येगळे दोन सेल लावायचे हुते की. मागं उसाचा डबा जोडून त्यात लपवले तर कुनाला दिसतंय?"

इतकं साधं होतं. दोन सेल आणि हातभर तार. आठवीतल्या पोराला सुचलं असतं. उस्मानाबादहून एसटीनं सेल मागवले असते तर दोन दिवसांत वळण परत आलं असतं आणि झाकण माझ्या खिशातच होतं. पुढं आठ दिवस ते खिशातच राहिलं. मी वळण परत बसवलं नाही. लोकांनी वाहवा केलेली गोष्ट पुन्हा उपसायची म्हणजे ती चुकीची होती असं कबूल करायचं. आणि नुसतं मॉडेल तर आहे, मी स्वतःला सांगितलं. मॉडेलनं कुणाचं काय बिघडतं?

आठ दिवसांनी चेअरमननी पायाभरणीच्या जागेपर्यंत रस्ता मंजूर करून आणला. दुष्काळी कामातून. ओव्हरसिअर नवा होता, नकाशा मागायला लागला. चेअरमन म्हणाले, "नकाशा कशाला? सात गावानं बघितलंय, मॉडेल बघा की." ओव्हरसिअरनं फूटपट्टी काढली आणि माझ्या सरळ रुळावर ठेवली. तिचं दुसरं टोक डगमगायला लागलं. मी ते धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या माणसाचा हात आपोआप पुढं होतो. त्या दिवशी माझ्या बोटाखाली फूटपट्टी होती आणि फूटपट्टीखाली विहीर होती, आणि मी पट्टी हलू नये याची काळजी घेत होतो.

रस्ता विहिरीवरूनच जाणार हे कळल्यावर वस्तीनं आरडाओरड केली. चेअरमनची माणसं म्हणाली, विहीर तर कोरडीच आहे. आणि तुमच्या जावयानंच नकाशात ठेवली नाही, त्याला विचारून घ्या. मला विचारायला कुणी आलं नाही. मामांनी येऊ दिलं नाही. ते वस्तीला म्हणाले, "आमच्या जावयानं केलंय. त्येला म्होरचं दिसत असंल." आणि संमतीच्या कागदावर सही केली. अंगठा नाही, सही. साक्षरतेच्या वर्गात मीच त्यांना शिकवली होती.

विहीर बुजवायचं कामही दुष्काळी कामातच धरलं. जी माणसं तीन उन्हाळे टोपल्यानं माती वर काढत होती, तीच माणसं टोपल्यानं दगड खाली टाकायला लागली. मी तिथं नव्हतो. परीक्षेचे पेपर तपासत होतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. सुमन गेली होती. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "पयला दगुड पडला तवा आवाज लई वेळानं आला." ती विहीर तेवढी खोल होती.

त्या वर्षी आषाढात पाऊस आला. सगळ्यांच्या विहिरी भरल्या. गावची भरली, पाटलाची भरली, ओढ्याकाठची भरली. वस्तीतल्या बायका पुन्हा घागरी घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहिल्या. कायदा झाला होता, पोस्टर लागली होती. पण विहिरीच्या पायऱ्या चढताना कायदा सोबत येत नाही. भिजत उभ्या राहायच्या. वरून पाऊस आणि हातात रिकामी घागर. सुमन दिवाळीला माहेरी गेली तेव्हा तीही उभी राहिली. मास्तरची बायको.

कारखाना आला नाही. पायाभरणीचा दगड आला, त्यावर नावं आली. चेअरमन पुढं दुसऱ्या कशाचे तरी चेअरमन झाले. सहकारात प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी द्यायचं असतं. त्यांनी भाषण दिलं, वस्तीनं विहीर दिली, मी अक्कल दिली. रस्ता तेवढा राहिला. सरळ, सुंदर, कुठंच न जाणारा. त्याच्यावर पोरं सायकल शिकतात. मामा दरवर्षी श्रावणात मुगाच्या शेंगा पाठवायचे, शेवटपर्यंत पाठवत राहिले. एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो, माझं खरं केलं असतं. शेंगांशी काय भांडणार? गेल्या साली ते वारले. त्यांना न्हाऊ घालायला पाणी शेजारच्या वाडीतून बैलगाडीनं आणलं.

आता त्या सरळ रस्त्यानं टँकर येतो. गावात आधी, वस्तीवर शेवटी, उरलं तर.

हे सगळं परवा त्या भोंग्याच्या आवाजात होतं. ओसरीवर पडलेलं इंजिन मी उचललं, चाकं नीट केली. सुमन ज्वारी निवडतच होती. खडा सापडला की तो बाजूला न टाकता बोटांत धरून ठेवायची तिची सवय आहे.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तवा तुमाला त्या चेअरमननं सांगितलं हुतं नव्हं, हीर काढा म्हणून?"

चौदा वर्षं तिनं असं धरलं होतं. मी कधी तसं म्हटलं नव्हतं, पण नाही असंही म्हटलं नव्हतं. माणसाला दुसऱ्याच्या दोषाची सावली फार सोयीची असते. मी त्या सावलीत आरामात बसलो होतो. परवा का कोण जाणे, बसवेना. मी म्हणालो, नाही. त्यानं विहिरीकडं बघितलंही नव्हतं. मीच काढली. भोंगा आणि गाडी एकदम चालावी म्हणून. मग सगळंच सांगितलं. सेल उन्हात ठेवले ते, बल्ब विझायला यायचा ते, पक्कड, पाव तास, नळाचं वाक्य, रहीमभाईचा उपाय, आणि उपाय कळल्यावरही खिशात राहिलेलं झाकण. सांगताना मी हुंदका वगैरे देईन असं वाटलं होतं, पण मी नुसता बोटानं इंजिनाची चाकं फिरवत राहिलो.

तिचं निवडणं थांबलं होतं. सूप मांडीवर तसंच. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा उठून आत जाईल, किंवा म्हणेल की जाऊ द्या, झालं ते झालं. खरं सांगतो, शेवटचं ऐकायलाच मी एवढं सगळं सांगितलं होतं. तिनं हातातला खडा बाहेर फेकला, सूप बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या, बाजारातून काय आणायचं ते सांगायच्या आवाजात म्हणाली,

"मला सांगून काय उपेग? मी बायको हाय, मी ऐकून घेणारच. येत्या ऐतवारी सकाळच्या गाडीनं वस्तीवर जा. टँकर धाला येतो, तवा समद्या बाया घागरी घिऊन एका जागी असत्यात. त्येंच्यापुढं हुबं ऱ्हावा आन् हेच सांगा, एक शबूद गाळू नका. मी येनार न्हाय."